ॲनालॉग वॉकीटॉकी काढून डिजिटल घ्यावेत का?

चाकणचा_ॲडमिन

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ॲडमिन आणि सिक्युरिटी माझ्याकडे आहे. आमच्याकडे साठेक वॉकी आहेत, सगळे जुने ॲनालॉग, यूएचएफ पट्ट्यातले. एक रिपीटर आहे (एका फ्रिक्वेन्सीवर सेटचं ऐकून दुसरीवर जोरात पुढे पाठवणारं यंत्र), त्याची अँटेना ऑफिसच्या गच्चीवर, आणि त्या एकाच रिपीटरवर सगळं गाव बोलतं. गेट, स्टोअर, मेंटेनन्स, फोर्कलिफ्ट, एवढंच काय कँटीनसुद्धा. सकाळी पाळी बदलताना नुसता गोंधळ. डिस्पॅचवाला "गाडी तीन नंबर डॉकला लाव" सांगतोय, त्याच क्षणी कँटीनवाला "चहा पाठवला" म्हणून बटण दाबतो, दोघांची मिळून एक शिट्टी वाजते आणि ड्रायव्हर आपला गेटवर उभा.

दुसरी तक्रार मागच्या नव्या शेडची. तिथे निम्मं बोलणं खरखरीतच जातं.

डीलर म्हणतो, सगळं डिजिटल करून टाका. कोटेशन पाहून साहेबांनी विचारलं, "आवाज स्वच्छ येतो म्हणून एवढे पैसे?" इथे कुणी हा बदल केला आहे का? नक्की काय मिळतं, काय जातं आणि डीलर काय सांगत नाही, हे तिन्ही हवं आहे.

गोट्या७८

डीलर काय सांगत नाही? किंमत. ती कोटेशनच्या दुसऱ्या पानावर असते, जीएसटी वेगळा.

खरखर

चाकणकर, तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि डीलरने त्या एका बिलात बांधल्या आहेत. आधी त्या वेगळ्या करा. पाळी बदलताना होणारी कोंडी हा एक प्रश्न, मागच्या शेडमधली खरखर हा दुसरा. डिजिटल पहिला प्रश्न बऱ्यापैकी सोडवतं. दुसरा सोडवेलच असं नाही.

माझं आयुष्य या सेटच्या दुरुस्तीत गेलं, म्हणून सांगतो. रेंज नाही अशी तक्रार आली की मी सेट उघडायच्या आधी गच्चीवर जातो. रिपीटरपासून अँटेनापर्यंत कोणती केबल टाकली आहे ते बघा. बारीक काळी आरजी-५८ असेल आणि लांबी तीसेक मीटर असेल, तर यूएचएफवर नऊ-दशांश पॉवर ती केबलच खाते. रिपीटर पंचवीस वॉटचा घेतलात, अँटेनाला पोचले अडीच. मग कनेक्टर बघा. एका ठिकाणी मी अँटेनाखालचा एन कनेक्टर उघडला तर आतून पाण्याची धार लागली. तांब्याची जाळी हिरवीगार होऊन कुजलेली. वरून साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ती आपल्या दोन पावसाळ्यांत सुटते. त्याला रबरी, स्वतःवरच चिकटणारी टेप लागते आणि ती खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी पदरांत शिरत नाही. त्या लोकांना डिजिटलचं कोटेशन मिळालेलं होतं. केबल बदलली, अर्धी तक्रार मिटली.

हे आधी करा. पुढे डिजिटल घेतलंत तरी अँटेना आणि केबल तीच राहणार आहे.

सिग्नल_संपला

२०२० नंतरही लोक वॉकी विकत घेतात? पीओसी घ्या हो, म्हणजे मोबाईल नेटवर्कवर चालणारे पुश-टू-टॉक सेट. सिम टाका, चालू करा. रिपीटर नको, अँटेना नको, फ्रिक्वेन्सीचं लायसन्स नको. हिंजवडीतून नागपूरच्या गोदामाशी बोला. रेंजला मर्यादा नाही.

दवाखाना

सिग्नल_संपला, तुमच्या आयडीतच उत्तर आहे.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या सिक्युरिटीत आहे. आम्ही पीओसी घेऊन बघितले. वरच्या मजल्यांवर झकास. बेसमेंटच्या दुसऱ्या लेव्हलला, जिथे पार्किंगवरून रोज भांडण होतं आणि जिथे वॉकीची खरी गरज आहे, तिथे फोनच मरतात तर पीओसी कुठून चालणार? आता बाहेर फिरणाऱ्या ॲम्ब्युलन्सना पीओसी आणि इमारतीत वॉकी, असं ठेवलं आहे. दोन्हीची कामं वेगळी आहेत.

पेठेतला

+१. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर उभं राहून फोन लावून दाखवा. अलका चौकात तर व्हॉट्सॲपची एक टिक सुद्धा येत नाही. तेव्हा स्वतःची फ्रिक्वेन्सी असलेलाच माणूस बोलतो.

सिग्नल_संपला

बरं, बेसमेंट आणि विसर्जन मान्य. पण चाकणकरांच्या शेडमध्ये फोरजी येत असेल तर विचार करायला काय हरकत आहे? तुमच्या यादीत गाड्या, ट्रान्सपोर्टर असतील तर त्यांना वॉकीची रेंज पुरणारच नाही.

चाकणचा_ॲडमिन

शेडमध्ये फोरजी दाराजवळ येतं, पत्रा दाबायच्या प्रेसजवळ नाही. आणि नेटवर्क आमच्या हातात नाही ही साहेबांची अडचण आहे. लाइट गेली तरी रिपीटर बॅटरीवर चालतो, टॉवर किती वेळ चालेल कोणाला माहीत.

खरखर काका, केबल बघितली. आरजी-५८ च आहे! मोजली नाही, पण चार मजले उतरून सिक्युरिटी केबिनपर्यंत आली आहे. आता डिजिटलने कोंडी कशी सुटते ते सांगा. डीलरने "एका चॅनेलचे दोन होतात" एवढंच सांगितलं.

खरखर

केबलचा अंदाज होताच. रिपीटर वरच्या मजल्यावर न्या, केबल आखूड होईल.

आता दोन चॅनेलची गोष्ट. तुमच्या उद्योगासाठी बाजारात जे डिजिटल दिसेल ते बहुतेक डीएमआर असेल. युरोपच्या एत्सी या संस्थेचं हे मानक, २००५ मधलं. ॲनालॉगमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलतो. डीएमआर त्याच चॅनेलचे वेळेत तुकडे पाडतं, प्रत्येक तुकडा ३० मिलिसेकंदांचा. पहिला तुकडा एका संभाषणाचा, पुढचा दुसऱ्याचा, मग पुन्हा पहिल्याचा. चाकणमध्ये कॉट बेसिसवर एकच खाट दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला वाटून घेतात ना, तसं. फक्त इथे पाळी सेकंदाला तेहेतीसेक वेळा बदलते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. म्हणजे एकच रिपीटर, तीच फ्रिक्वेन्सीची जोडी, तीच अँटेना, आणि दोन संभाषणं एकाच वेळी. या भागांना स्लॉट म्हणतात.

आता जिथे लोक फसतात ते. डीलर तुम्हाला टॉकग्रुप दाखवेल. गेटचा ग्रुप, स्टोअरचा ग्रुप, कँटीनचा ग्रुप, दहा-बारा करून देईल आणि तुम्हाला वाटेल आपल्याला बारा चॅनेल मिळाले. ग्रुप कितीही करा, स्लॉट दोनच. एका स्लॉटवरच्या सहा ग्रुपांपैकी एक बोलत असेल तर बाकीचे पाच थांबणार. फरक इतकाच की त्यांना दुसऱ्यांची बडबड ऐकू येत नाही, बटण दाबल्यावर नुसता "बिझी"चा टोन येतो. ॲनालॉगवर निदान कोण बोलतंय ते कळायचं.

म्हणून आधी आठवडाभर रजिस्टर घेऊन बसा. कोण कोणाशी बोलतं, किती वेळ, केव्हा. दोन स्लॉट पुरतात का ते त्यातून कळेल. नाही पुरले तर दुसरा रिपीटर किंवा टियर थ्री ट्रंकिंग, तिथे मोकळा चॅनेल यंत्रणाच शोधून देते. पण साठ सेटला ट्रंकिंग म्हणजे अति होईल.

आणखी एक. ही दुप्पट रिपीटरवरची आहे. रिपीटरशिवाय सेट-टू-सेट बोलताना दोन्ही स्लॉट वापरायचे तर सेटमध्ये ती खास सोय लागते, आपोआप होत नाही.

गोट्या७८

कँटीनला स्वतंत्र स्लॉट द्या. कारखान्यातलं सर्वात तातडीचं खातं तेच.

मीनल_ईएचएस

चाकणकर, मी तळेगावला सेफ्टीत आहे. आमच्याकडे हा बदल करून झाला आहे, त्यामुळे सांगते. आवाजाचं कौतुक पहिले काही दिवस, मग त्रास कळतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिला शब्द कापला जातो. डिजिटल सेटमध्ये बटण दाबल्यावर सेट रिपीटरला जागं करतो, मग परवानगीचा टोन येतो, त्यानंतर बोलायचं. आमची माणसं बटण दाबता दाबता बोलतात, ती सवय ॲनालॉगची. एकदा क्रेनवर डाय उचलत होते. खालचा रिगर (माल क्रेनला बांधणारा) म्हणाला, "नको सोडू." वर ऐकू आलं, "सोडू." क्रेनवाला अनुभवी, त्याने पुन्हा विचारलं म्हणून बरं. त्यानंतर क्रेनसाठी नियम केला: "थांब" तीनदा म्हणायचं, "थांब थांब थांब", आणि क्रेन-रिगर जोडीचं बोलणं रिपीटरवरून न नेता थेट सेट-टू-सेट चॅनेलवर ठेवलं. दोघं एकमेकांसमोर असताना गच्चीला फेरी मारून येण्याचं कारणच नाही.

दुसरं, उशीर. आवाज आकड्यांत बदलून परत आवाज व्हायला सेकंदाचा काही भाग जातो. ॲनालॉगमध्ये दोन सेट शेजारी असले की लगेच कर्कश शिट्टी यायची. डिजिटलमध्ये तुमचंच वाक्य शेजारच्याच्या खांद्यावरून थोड्या वेळाने ऐकू येतं आणि बोलणारा अडखळतो.

तिसरं, प्रेसशॉप. हे मीटिंगमध्ये कुणीच सांगत नाही.

चाकणचा_ॲडमिन

मीनलताई, प्रेसशॉपचं सविस्तर सांगा. आमच्याकडे तेच आहे.

मीनल_ईएचएस

डिजिटलमध्ये आवाज जसाच्या तसा जात नाही. आतला व्होकोडर माणसाच्या बोलण्याचं गणित करून तेवढंच पाठवतो. डीएमआरमध्ये बहुतेक एएमबीई प्लस टू असतो. बोलण्याचे सेकंदाला अडीच हजारांच्या आसपास बिट, म्हणजे फारच थोडे. आजूबाजूला शांत असेल तर फार छान. पण मागे प्रेस धाडधाड करत असेल तर त्या गणिताला कळत नाही की यातलं माणसाचं कोणतं. मग जे बाहेर येतं ते ना प्रेस ना माणूस, एक रोबोटी गुळण्या केल्यासारखा आवाज. ॲनालॉगमध्ये प्रेसचा आवाज तसाच यायचा, पण आपला मेंदू त्यातून शब्द काढायचा.

अमेरिकेत अग्निशमन दलांना हाच प्रश्न आला होता. २००८ मध्ये तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने यावर अहवाल काढला, की आगीच्या ठिकाणच्या गोंगाटात डिजिटल आवाज ॲनालॉगपेक्षा कमी समजतो. पुढे सेट सुधारले, आता त्यात गोंगाट गाळण्याची सोय चांगली असते. तरीही माझा सल्ला हाच की डेमो कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. डीलरला हेल्मेट घालून प्रेसशेजारी उभा करा. आणि सगळ्यांना माइक तोंडापासून दोन-चार बोटांवर धरायला शिकवा. छातीवरच्या माइकमध्ये मान वाकवून ओरडणारे पहिल्यांदा तक्रार करतात.

पेठेतला

म्हणजे ढोल-ताशासमोर डिजिटल सेट?

मीनल_ईएचएस

पथकाच्या मध्ये उभं राहून बोललात तर पलीकडे काय ऐकू येईल त्याची खात्री मी देणार नाही. कानात इअरपीस आणि गळ्याला लावायचा माइक मिळतो, तो बघा.

पेठेतला

धागा थोडा हायजॅक करतो. आमच्या मंडळाने गेल्या वर्षी ऑनलाइन स्वस्तातले सेट मागवले. लायसन्स लागतं का यावर कार्यकर्त्यांत दोन तट आहेत.

खरखर

लागतं की नाही, ते सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो त्यावर आहे. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी पॉवरचे सेट लायसन्सशिवाय चालतात, पण त्या मॉडेलला दूरसंचार खात्याची उपकरण मान्यता लागते. ऑनलाइन मिळणारे बरेच सेट मात्र १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० अशी पूर्ण पट्टी उघडी ठेवून येतात. त्यावर बटण दाबलंत की तुम्ही कुणाच्या फ्रिक्वेन्सीवर आहात, पोलिसांच्या की विमानतळाच्या कामगारांच्या, हे तुम्हालाच माहीत नसतं. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी मार्गदर्शक नियमही केले. मंडळाला गल्लीच्या दोन टोकांत बोलायचं आहे, ४४६ चे सेट पुरतील. पॅकेटवर फ्रिक्वेन्सी छापलेली नसेल तर घेऊच नका.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही हेच लागू.

चाकणचा_ॲडमिन

लायसन्सचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे ॲनालॉगचं चालू लायसन्स आहे. फ्रिक्वेन्सी तीच राहणार. मग डिजिटलसाठी नव्याने काही करावं लागतं का? डीलर म्हणतो काही गरज नाही, "सेट बदलले की झालं".

खरखर

डीलरला ते लिहून द्यायला सांगा. देणार नाही.

तुमचं लायसन्स कपाटातून काढा. त्यात फ्रिक्वेन्सीसोबत सेटची संख्या, पॉवर, अँटेनाची जागा आणि एमिशन, म्हणजे कोणत्या प्रकारचा सिग्नल पाठवता त्याचा कोड, लिहिलेलं असतं. ॲनालॉग आवाजासाठी ते ११के०एफ३ई किंवा १६के०एफ३ई असं काहीतरी असेल. डीएमआर आवाजाचं ७के६०एफएक्सई असं लिहितात. म्हणजे तुम्ही फ्रिक्वेन्सी तीच ठेवलीत तरी तिच्यावरून जे पाठवताय ते कागदावर लिहिलंय त्यापेक्षा वेगळं आहे. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून ते बदलून घ्या आणि मगच सेट हवेत आणा. अर्ज हल्ली सरल संचार पोर्टलवर होतात. आपल्या भागाचं विभागीय कार्यालय मुंबईला आहे.

रिपीटर वर हलवताना मास्टची उंची किंवा जागा बदलत असेल तर साक्फाच्या, म्हणजे अँटेना कुठे आणि किती उंच हे बघणाऱ्या सरकारी समितीच्या, मंजुरीचाही विचार करा, त्यात विमानांच्या मार्गाचा प्रश्न येतो. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ असल्यामुळे शहराच्या त्या बाजूच्या लोकांना हे चांगलं माहीत आहे.

रॉयल्टी ठरते ती अंतर, चॅनेलची रुंदी आणि चॅनेलची संख्या यांवर. म्हणून डिजिटलचा खरा फायदा तुमच्या साहेबांना असा सांगा: दुसरं संभाषण हवं म्हणून दुसरी फ्रिक्वेन्सी मागायला गेलात तर तिची रॉयल्टी दर वर्षी आहे, आणि मिळेपर्यंत थांबायचं आहे. आहे त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं संभाषण डिजिटलमुळे मिळतंय. आवाजाची स्वच्छता हे वरचं लोणचं आहे.

कायदाही बदलतो आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नूतनीकरणाचा अर्ज करताना चालू नियम बघूनच करा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर नको. माझ्याही.

देशांतर

इकडे अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाने १ जानेवारी २०१३ पासून सगळ्या खासगी व्हीएचएफ-यूएचएफ वापरणाऱ्यांना २५ वरून १२.५ किलोहर्ट्झवर यायलाच लावलं. तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी नाहीतरी सेट बदलायचेच आहेत तर डिजिटल घेऊ म्हणून उडी मारली. सगळ्यांना गरज होती असं नाही. आमच्या गोदामात चार माणसं बोलतात, अजून ॲनालॉगच आहे आणि कुणाचं अडत नाही.

दवाखाना

सुरक्षिततेबद्दल कुणी बोललं नाही. डिजिटल म्हणजे बाहेरच्याला ऐकू येत नाही ना? रुग्णांची नावं आमच्याकडे बोलली जातात.

खरखर

सहज ऐकू येत नाही, इतकंच. जुन्या स्कॅनरवर नुसती भुणभुण येते. पण संगणकाला लावायची एक स्वस्त यूएसबी कांडी आणि फुकट सॉफ्टवेअर असेल तर साधं डीएमआर उघडं करता येतं. कलर कोड, जे ० ते १५ असे सोळा असतात, त्यांनी गुप्तता मिळत नाही. ॲनालॉगमधल्या सबटोनचं काम ते करतात, नको त्याचं ऐकू न येण्याचं. गुप्तता हवी तर एन्क्रिप्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि ते वापरण्याबद्दल डब्ल्यूपीसीला आधी विचारा. नाहीतर सोपा उपाय: नाव बोलूच नका, बेड नंबर बोला.

चाकणचा_ॲडमिन

बॅटरीचं? "चाळीस टक्के जास्त चालते" असं ब्रोशरमध्ये आहे.

सिग्नल_संपला

हे मला सांगता येईल, वाचलं आहे. सेट बोलताना डिजिटलचा ट्रान्समीटर निम्मा वेळच चालू असतो, कारण दुसरा स्लॉट त्याचा नसतो. म्हणून बचत फक्त बोलण्यात होते. ब्रोशरचे तास ५-५-९० वर काढतात: पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प. तुमचा डिस्पॅचवाला नव्वद टक्के गप्प असतो का?

गोट्या७८

पुण्यात नव्वद टक्के गप्प माणूस दाखवा, बॅटरी माझ्याकडून.

मीनल_ईएचएस

आमच्याकडे पूर्ण पाळी जाते, आधी दुपारी तीनला दम तोडायच्या. पण जुन्या बॅटऱ्याच मुळात मेलेल्या होत्या, त्यामुळे श्रेय नक्की कुणाला द्यायचं ते ठरवता येणार नाही.

दोन गोष्टी मात्र मनापासून आवडल्या. एक, कोण बोलतंय ते स्क्रीनवर दिसतं. त्यात माणसांची नावं टाकू नका. सेट पाळीबरोबर हात बदलतो, मग रात्री "गणेश" म्हणून सुनीता बोलते. "गेट १", "बॉयलर", "स्टोअर" अशी जागेची नावं टाका. आणि स्क्रीन नसलेले स्वस्त सेट घेतलेत तर हे काहीच दिसणार नाही. दुसरं, हरवलेला सेट दूरून बंद करता येतो. कंत्राटदाराची माणसं सेट घेऊन घरी जातात, तेव्हा फार उपयोगी.

इमर्जन्सीचं लाल बटण असतं, ते दाबल्यावर अलार्म कुणाकडे जातो ते ठरवल्याशिवाय चालू करू नका. आमच्याकडे तो सुरुवातीला अशा एका सेटवर जायचा, जो चार्जरवर ठेवलेला असायचा. "लाइव्ह लोकेशन" म्हणून जीपीएस गळ्यात मारतात, पत्र्याच्या शेडमध्ये ते चालत नाही. आत माणूस शोधायचा तर ब्लूटूथ बीकन वेगळे लावावे लागतात.

पेंटशॉप किंवा सॉल्व्हंटची खोली असेल तर तिथे ठिणगी-सुरक्षित सेटच लागतात, नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, मान्यता असलेले. ते महाग असतात. तिथे साधा सेट नेऊ देऊ नका, डिजिटल असो वा ॲनालॉग.

रेडिओ_नवखा

सगळे एकाच कंपनीचे घ्यावे लागतात का? मोटोरोला, हायटेरा, केनवुड, आयकॉम... मिसळ चालते?

खरखर

मिसळ चालते, तर्री वेगवेगळी. डीएमआरचा सेट दुसऱ्या कंपनीच्या डीएमआर सेटशी साधं बोलतो. मेसेज, एन्क्रिप्शन, लोकेशन, कंपनीची स्वतःची ट्रंकिंग, हे बहुतेक वेळा जमत नाही. आणि सगळं डिजिटल म्हणजे डीएमआर नव्हे. केनवुड-आयकॉमनी मिळून केलेलं एनएक्सडीएन वेगळं आहे, ते वेळेचे तुकडे न करता ६.२५ किलोहर्ट्झचे अरुंद चॅनेल करतं. एनएक्सडीएन आणि डीएमआर एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांची भेट फक्त ॲनालॉगवर. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं "डिजिटल" लिहिलं असेल तर परत पाठवा. "डीएमआर टियर टू, ॲनालॉगसह" असं लिहून मागा.

प्रोग्रामिंगची फाइल आणि तिचा पासवर्ड तुमच्याकडे राहील, हेही लिहून घ्या. नाहीतर उद्या एक ग्रुप वाढवायचा तरी त्याच डीलरच्या पायऱ्या.

चाकणचा_ॲडमिन

खूप मिळालं सगळ्यांकडून. आता आमचं काय झालं ते लिहितो, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

आधी केबल बदलून रिपीटर वर नेला. अँटेनाची जागा आणि उंची तीच राहील असं बघितलं. मागच्या शेडमधली बरीचशी खरखर तिथेच गेली. रजिस्टर ठेवलं तेव्हा दिसलं की अर्ध्याहून जास्त बोलणं डिस्पॅच आणि फोर्कलिफ्टचं आहे, आणि त्यातलंही बरंचसं "कुठे आहेस?" "आलो." म्हणून एक स्लॉट फक्त त्यांना, दुसरा बाकी सगळ्यांना. ग्रुप चारच केले. क्रेन थेट चॅनेलवर. कँटीनचा सेट काढून इंटरकॉम दिला.

लायसन्समधल्या बदलाचा अर्ज केला आणि तोवर सेट घेतले ते दोन्ही पद्धतीचे. ते आधी ॲनालॉगवरच चालवले, जुन्यांच्या जोडीने. माणसांना नव्या बटणांची सवय झाली. कागद हातात आल्यावर एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, रिपीटर आणि सगळे सेट डिजिटलला नेले. एक ॲनालॉग चॅनेल प्रत्येक सेटमध्ये शेवटच्या नंबरवर ठेवला आहे, रिपीटर बंद पडला तर सगळ्यांनी तिथे यायचं.

प्रेसशॉपची चाचणी मीनलताईंनी सांगितली तशीच केली. पहिल्या डीलरचा सेट तिथे नापास झाला. दुसऱ्याचा पास झाला, पण कानावरच्या हेडसेटसह, म्हणून प्रेसशॉपपुरते हेडसेट घ्यावे लागले. तो खर्च आधीच्या कोटेशनमध्ये नव्हता.

एक कुरबूर राहिली आहे. जुने लोक म्हणतात, ॲनालॉगवर रेंज संपत आली की खरखर वाढायची, माणूस चार पावलं मागे यायचा. आता शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतं, एक-दोन शब्द तुटतात आणि एकदम काहीच नाही. कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात गार्डला कळतच नाही की तो रेंजबाहेर आहे.

खरखर

त्याला उपाय आहे. सेटमध्ये रिपीटरच्या टप्प्यात नसल्यावर वाजणारी सूचना चालू करता येते, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. रिपीटर ठरावीक वेळाने खूण पाठवतो, ती चुकली की सेट टोन देतो. प्रोग्रामिंगमध्ये बंद असेल. आणि त्या कोपऱ्यात गार्डला टोन वाजला तर काय करायचं ते सांगून ठेवा, नाहीतर तो टोन वाजतो म्हणून सेटच बंद करेल.

पेठेतला

चाकणकर, जुन्या साठ सेटचं काय केलं? मंडळाला द्या की. गणपती जवळ आलेत.

चाकणचा_ॲडमिन

नाही देता येणार हो. ते आमच्या लायसन्सवर आहेत, त्याच फ्रिक्वेन्सीवर प्रोग्राम केलेले. सध्या फ्रिक्वेन्सी पुसून, सीरियल नंबरची यादी करून स्टोअरमध्ये कुलपात ठेवलेत. लायसन्समधून कमी करण्याचं पत्र गेलं आहे, उत्तर आलं की ई-कचऱ्याच्या अधिकृत कंत्राटदाराला देणार.

गोट्या७८

चार्जर तरी द्या. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा जळलाय.

खरखर

मॉडेल सांगा आधी.